खिडकीवरची लोखंडी पट्टी

गेल्या मे महिन्यात आई-बाबा सोलापूरहून आले. नेवार्कहून घरी आणलं, वरणभात जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी पहाटे चारलाच जाग आलेले बाबा उजाडल्यावर चहाचा कप घेऊन बाहेर पडले आणि हात पाठीमागे बांधून घराभोवती एक फेरी मारून आले. आम्हाला वाटलं आता लॉनचं, अझेलियाचं कौतुक होणार. बाबा म्हणाले, "पुढच्या खिडकीवरची पट्टी गेली की रे."

कुठली पट्टी? या घरात आम्ही सहा वर्षं राहतोय. मॉर्गेजचा दर, प्रॉपर्टी टॅक्स, शाळेचं रेटिंग, सगळं मला तोंडपाठ. पण पुढच्या खिडकीवर लोखंडाची एक पट्टी आहे आणि तिच्यावर विटांची अख्खी भिंत उभी आहे, हे मला बाबांनी बोट दाखवेपर्यंत ठाऊक नव्हतं. आणि मी इंजिनियर! सांगलीहून मेकॅनिकलची पदवी घेतली, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर करतो, पण पदवी ती पदवी.

घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात. इथे आपण बांधत नाही. दुसऱ्याने साठ वर्षांपूर्वी बांधलेलं विकत घेतो आणि मग त्यात फोडाफोडी करतो. आपल्या पार्सिपनीतच बघा. लेक हायावाथा आणि लेक पार्सिपनीच्या वस्त्या १९३० च्या दशकात उन्हाळी कॉटेजेस म्हणून सुरू झाल्या. पुढे लोकांनी तीच घरं बारमाही राहण्याजोगी केली, खोल्या वाढवल्या. युद्धानंतर स्प्लिट लेव्हल, बाय-लेव्हल आणि विटांच्या दर्शनी भागाची कलोनियल घरं आली. आमचं घर १९६४ चं. त्यात आधीच्या मालकांनी काय काय कापलं असेल, ते भिंत उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून हा लेख. स्वयंपाकघर मोठं करायचं, खिडकी रुंद करायची, पॅटिओचं दार काढायचं असे बेत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात असतात. त्या आधी हे वाचा.

लिंटेल म्हणजे काय?

जुन्या वाड्याच्या दाराला खाली उंबरठा आणि वर उत्तरंग. उंबरठ्याला आपण हळदकुंकू लावतो, पण भार वाहतो तो वरचा. दारा-खिडकीसाठी भिंतीत भोक पाडलं की त्यावरच्या भिंतीला कुणीतरी खांद्यावर घ्यावं लागतं. वाड्यांत ते काम सागवानी पाटई करायची, आज पुण्या-मुंबईत आरसीसीचं लिंटेल करतं. अमेरिकेतल्या आपल्यासारख्या घरांत, जिथे पुढची भिंत विटांची असते, तिथे ते काम एल आकाराचा लोखंडी अँगल करतो. एक पाय आडवा, त्यावर वीट टेकते. दुसरा पाय उभा, तो विटेच्या मागे लपतो. बाहेरून दिसते ती फक्त आडव्या पायाची कड, खिडकीच्या डोक्यावर रंगवलेली एक बारीक रेघ.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. आपली विटांची भिंत ही बहुधा खरी भिंत नसते. आत लाकडी सांगाडा असतो, तो छप्पर आणि मजला पेलतो. बाहेर विटेचा एकच थर असतो, त्याला व्हिनियर म्हणतात. तो थर स्वतःचं वजन स्वतः पेलतो आणि सांगाड्याला फक्त धातूच्या पट्ट्यांनी बांधलेला असतो. म्हणजे एका खिडकीवर दोन आधार असतात: विटांसाठी लोखंडी लिंटेल आणि मजल्यासाठी आत लाकडी हेडर. खिडकी रुंद केली की दोन्ही नव्याने ठरवावे लागतात. एक बदलला म्हणून दुसरा आपोआप सुधारत नाही.

भेगा वाचायला शिका

बाबांनी दाखवलेली भेग खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत गेली होती. अँगलच्या टोकाशी विटांची ओळ किंचित उचलली गेली होती. हे गंजाचं काम. लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते. तो फुगतो आणि वरच्या विटा जॅक लावल्यासारख्या उचलतो. याउलट अँगल मधोमध खाली झुकलेला दिसला आणि भेगा मध्यभागी असल्या, तर अँगल भाराला कमी पडतोय असं समजायचं. दोन्ही आजार एकाच घरात असू शकतात. आमच्याकडे होते.

तपासणी सोपी आहे. एक सरळ लाकडी पट्टी किंवा ताणलेला दोरा अँगलच्या खालच्या कडेला लावून बघा, मध्ये फट दिसते का. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि एक हिवाळा गेला की परत मोजा. वाढली तर इंजिनियरला बोलवा. विटा बाहेर फुगल्या असतील किंवा हाताने हलत असतील, तर मात्र हिवाळ्याची वाट बघू नका.

दोन कोटेशनं

भेग दुरुस्त करायचीच आहे तर खिडकीही मोठी करू, असं सौ.ने सुचवलं. पाच फुटांची खिडकी सात फुटांची. आई म्हणाली, उजेड येईल. मी दोन कॉन्ट्रॅक्टर बोलावले.

पहिला तडफदार होता. "दोन दिवसांचं काम. लोखंड तेच वापरू, नाहीतर तसलाच लांब तुकडा टाकू. परमिटच्या भानगडीत पडू नका, उगाच टॅक्स वाढतो." दुसऱ्याने तासभर मापं घेतली, इंजिनियरचं ड्रॉइंग लागेल म्हणाला, परमिट लागेल म्हणाला, आणि पहिल्यापेक्षा २,२०० डॉलर्स जास्त सांगितले.

खरं सांगतो, माझा कल पहिल्याकडे होता. त्या वर्षी कारचं ट्रान्समिशन गेलं होतं, मुलांची समर कॅम्पची फी भरायची होती. बाबांना म्हटलं, "बाबा, तुम्ही फार काळजी करता. एक खिडकी तर आहे." बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं स्कूलबससाठी बाहेर पडली आणि रोजच्यासारखी त्या खिडकीखालच्या पायरीवर दप्तरं टाकून उभी राहिली. बाबा आतून बघत होते. एवढंच म्हणाले, "तू गणित तरी करून बघ. तुला येतं ना?"

गणित

रात्री जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर कागद घेऊन बसलो. तुम्हीही करू शकाल इतकं ते सोपं आहे.

विटेच्या एका थराच्या भिंतीचं वजन दर चौरस फुटाला सुमारे ४० पौंड. भिंत भरपूर उंच आणि दोन्ही बाजूंना अखंड असेल तर विटा आपसांत कमान धरतात आणि लिंटेलवर फक्त एका त्रिकोणाचं वजन येतं. त्रिकोणाचा पाया म्हणजे गाळ्याची रुंदी, उंची त्याच्या निम्मी. सात फुटांच्या गाळ्यावर हा त्रिकोण १२.२५ चौरस फुटांचा, म्हणजे ४९० पौंड. हे वाचून बरं वाटतं. पण वर दुसऱ्या मजल्याची खिडकी असेल, किंवा बाजूला पुरेशी भिंत नसेल, तर कमान धरत नाही. आमच्याकडे तसंच आहे. मग वरची सगळी भिंत लिंटेलवर येते असं धरायचं. सात फूट रुंद, नऊ फूट उंच: सुमारे २,५०० पौंड. एका लहान मोटारीएवढं वजन.

आता हे वजन वेगवेगळ्या अँगलवर ठेवून बघा. टेकूंच्या मध्यापासून मध्यापर्यंत ८८ इंच धरले:

३ × ३ × १/४ इंच अँगल: बाक हिशेबाने सुमारे ५/८ इंच, पण तेवढं होण्याआधीच साधं ए-३६ पोलाद कायमचं वाकलेलं असेल.
४ × ३ × १/४ इंच अँगल: बाक पाव इंचाहून थोडा जास्त.
५ × ३½ × ५/१६ इंच अँगल: बाक सुमारे १/८ इंच.

विटांच्या भिंतीखाली लिंटेलचा बाक गाळ्याच्या ६०० व्या हिश्शाहून जास्त नसावा, हा नेहमीचा दंडक. वीट आणि मसाला वाकत नाहीत, तडकतात, म्हणून तो इतका कडक. आमच्यासाठी ती मर्यादा ०.१५ इंचाच्या आत येते. तिन्हींत एकच पास झाला.

पहिल्या कॉन्ट्रॅक्टरचा "तसलाच लांब तुकडा" म्हणजे ३ × ३ होता. लांबी पाचाची सात केली तर काय झालं असतं? दर फुटाला वजन तेच असेल तर बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. ७ भागिले ५ चा चौथा घात म्हणजे ३.८४. खिडकी दोन फुटांनी वाढते, बाक जवळजवळ चौपट होतो. कागदावर हा आकडा आला तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

आणखी एक गंमत. ४ × ३ चा अँगल ३ × ३ पेक्षा वजनाने एक-पंचमांशही जास्त नाही: फुटाला ४.९ च्या जागी ५.८ पौंड. पण ताठपणा दुपटीहून जास्त, कारण ताठपणा येतो उंचीतून. म्हणून लांब पाय नेहमी उभा ठेवायचा. तोच ४ × ३ चा अँगल आडवा झोपवून लावला तर त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. दुकानातून बरोबर माल आणून चुकीचा बसवणं इतकं सोपं आहे.

तक्ता काय सांगतो?

प्रत्येकाने असं गणित करत बसायची गरज नाही. न्यू जर्सीत एक-दोन कुटुंबांच्या घरांना जो इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड राज्याच्या आवृत्तीत लागू आहे, त्यात विटांच्या व्हिनियरसाठी तयार तक्ता आहे. त्यातले नेहमी लागणारे आकडे असे. वर एकही मजला नसेल, एक मजला असेल आणि दोन मजले असतील, या क्रमाने जास्तीत जास्त गाळा:

३ × ३ × १/४ : ६ फूट, ४ फूट ६ इंच, ३ फूट.
४ × ३ × १/४ : ८ फूट, ६ फूट, ४ फूट ६ इंच.
५ × ३½ × ५/१६ : १० फूट, ८ फूट, ६ फूट.
६ × ३½ × ५/१६ : १४ फूट, ९ फूट ६ इंच, ७ फूट.

आमची जुनी खिडकी पाच फुटांची आणि वर एक मजला. म्हणजे आजच्या तक्त्याप्रमाणे ३ × ३ चा अँगल तिथे पहिल्यापासूनच तोकडा होता. सात फुटांसाठी तक्ताही ५ × ३½ च सांगतो. माझं गणित आणि तक्ता जुळले तेव्हा कॉलेजच्या परीक्षेत उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळल्यासारखा आनंद झाला. बाबांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि म्हणाले, "टेकू किती?"

टेकू म्हणजे अँगलचं टोक दोन्ही बाजूंना विटेवर किती बसतं ते. किमान ४ इंच हवं. म्हणजे सात फुटांच्या गाळ्याला ७ फूट ८ इंचांचा तुकडा, वजन सुमारे ६७ पौंड. घरसामानाच्या मोठ्या दुकानांत लहान मापाचे अँगल मिळतात. हे माप बहुधा लोखंडाच्या यार्डातून कापून आणावं लागतं.

गंज आणि पाणी

लिंटेल भाराने क्वचित मरतं, पाण्याने नेहमी मरतं. वीट पाणी पिते, हे आपल्याला पावसाळ्यातल्या ओल आलेल्या भिंतींवरून माहीत आहे. व्हिनियरमागे उतरलेलं पाणी थेट लिंटेलवर येऊन थांबतं. म्हणून तीन गोष्टी मागून घ्या.

एक, अँगलला गंजरोधक रंग कोडप्रमाणे लागतोच. थोडे पैसे जास्त देऊन हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड घेतला तर उत्तम. आपल्याकडे पाऊस, बर्फ आणि पायरीवर टाकलेलं मीठ, तिन्ही आहेत.

दोन, अँगलच्या वर फ्लॅशिंग हवं. म्हणजे पाणी न शोषणारा पत्रा किंवा पटल, जे मागच्या भिंतीवर वर चढवून पुढे विटेच्या कडेपर्यंत आणलेलं असतं. त्याची दोन्ही टोकं वर दुमडलेली असावीत, नाहीतर पाणी कडेने भिंतीत शिरतं.

तीन, फ्लॅशिंगच्या लगेच वरच्या सांध्यांत पाणी बाहेर पडायला छिद्रं हवीत. त्यांना वीप होल म्हणतात. दोन छिद्रांत ३३ इंचांपेक्षा जास्त अंतर नको. आणि इथे आपली एक हमखास चूक होते. अँगल आणि वीट यांच्यातली फट दिसली की शनिवारी सकाळी कॉकची ट्यूब आणून आपण ती बुजवतो. मीही दोन वर्षांपूर्वी बुजवली होती, आणि सौ.ला कौतुकाने दाखवली होती. ती फट पाणी जाण्याची वाट होती. मी ती बंद करून पाणी आत कोंडलं आणि गंजाला खाऊ घातला.

परमिट

न्यू जर्सीत १९७७ पासून सगळ्या राज्याला एकच युनिफॉर्म कन्स्ट्रक्शन कोड आहे आणि तो टाउनशिपचं बिल्डिंग खातं राबवतं. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. घरातली खिडकी त्याच मापाच्या भोकात, चौकटीचा सांगाडा न बदलता बदलली, तर परमिट लागत नाही. भोक मोठं केलं, हेडर कापला, भार वाहणाऱ्या भिंतीला हात लावला की परमिट लागतं. अर्जाचा फॉर्म एफ-१०० आणि बांधकामाचा तपशील देणारा एफ-११०. अर्ज पूर्ण असेल तर टाउनशिपला कामाच्या २० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. स्वतः राहता त्या एका कुटुंबाच्या घराची ड्रॉइंग्ज मालक स्वतः काढू शकतो. तरीही भार वाहणाऱ्या भागासाठी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनियर गाठा, असंच मी सांगेन. माझं गणित जुळलं, पण आतल्या हेडरवर मजल्याच्या जॉइस्टचा किती भार येतो, ते कोपऱ्यातल्या कोणत्या खांबांतून खाली पायापर्यंत जातं, हे पाहायला अनुभवी नजर लागते. आमच्या इंजिनियरने तासाभरात हेडरसाठी एलव्हीएल तुळईचं माप आणि काम चालू असताना वरच्या विटा कशा पेलून धरायच्या याची आकृती दिली. विटा पेलल्याशिवाय जुना अँगल काढणं हा या कामातला सगळ्यात धोक्याचा क्षण असतो.

जुन्या घरांबाबत एक दिलासा. १९९८ पासून न्यू जर्सीत रिहॅबिलिटेशन सबकोड आहे. जुन्या घराचा एक भाग सुधारला म्हणून अख्खं घर नव्या नियमांप्रमाणे करायला लागत नाही. "एक परमिट काढलं तर सगळं घर उकरायला लावतील" ही भीती आपल्या पॉटलकमध्ये फार ऐकू येते. तिच्यापायी बिनपरमिटची कामं करू नका.

काम झाल्यावर इन्स्पेक्टर येतो. भिंत बंद करण्याआधी एकदा आणि शेवटी एकदा. शेवटी मिळणारं सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हल घराच्या कागदांच्या फायलीत जपून ठेवा. परमिट काढून शेवटची तपासणी न करणं हाही घोटाळाच. घर विकताना, क्लोझिंगच्या आठवड्यात, उघडं राहिलेलं परमिट वर येतं आणि तेव्हा धावपळ आपलीच होते.

पैशाची बाजू

या सदराचं नाव आरोग्य आणि अर्थ आहे, तेव्हा अर्थाकडे वळू.

पहिलं, कॉन्ट्रॅक्टर. २००४ च्या कायद्याप्रमाणे घरदुरुस्तीच्या कॉन्ट्रॅक्टरची राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स विभागाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक १३व्हीएच या अक्षरांनी सुरू होतो, आणि तो राज्याच्या यादीत आपल्याला तपासता येतो. ५०० डॉलर्सच्या वरचं काम लेखी कराराशिवाय करता येत नाही. कराराची प्रत हातात आल्यापासून कामाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तो रद्द करता येतो. लायबिलिटी विम्याचं सर्टिफिकेट मागायला लाजू नका. २०२४ च्या कायद्याने यात बाँड आणि लायसन्सच्या अटीही आणल्या आहेत. करारात अँगलचं माप, जाडी, गॅल्व्हनाइज्ड की रंगवलेला, फ्लॅशिंग, वीप होल आणि परमिट कोण काढणार, हे सगळं लिहून घ्या. "न्यू लिंटेल" या दोन शब्दांत ३ × ३ ही बसतं आणि ५ × ३½ ही.

दुसरं, विमा. घराचा विमा गंज आणि झीज यांना सहसा पैसे देत नाही. "विटा पडल्या तर इन्शुरन्स आहे" या भरवशावर राहू नका.

तिसरं, सेल्स टॅक्स. न्यू जर्सीत घराची कायमची सुधारणा करणाऱ्या कामाच्या मजुरीवर सेल्स टॅक्स लागत नाही. त्यासाठी कॉन्ट्रॅक्टरला एसटी-८ हा फॉर्म भरून द्यायचा असतो. निव्वळ दुरुस्तीच्या मजुरीवर मात्र ६.६२५ टक्के लागतो. बिल कोणत्या नावाखाली येतं ते आधी विचारा.

चौथं, घर विकताना. १९९७ च्या कायद्याप्रमाणे राहत्या घराच्या नफ्यातले एकट्याला २,५०,००० आणि जोडप्याला ५,००,००० डॉलर्स करमुक्त आहेत. विक्रीआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं तिथे मालक म्हणून राहिलेलं असलं पाहिजे. पार्सिपनीत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली घरं आज या मर्यादेच्या जवळ येऊ लागली आहेत. घराच्या सुधारणेवर केलेला खर्च मूळ किमतीत मिळवता येतो, म्हणजे नफा तेवढा कमी दिसतो. साधी दुरुस्ती मिळवता येत नाही, पण मोठ्या सुधारणेचा भाग म्हणून केलेली दुरुस्ती चालते. बिलं आणि परमिट एकत्र ठेवा. बुटांच्या खोक्यातही चालेल, पण ठेवा.

आणि "टॅक्स वाढतो" या भीतीचं काय? परमिटाची माहिती असेसरकडे जाते, हे खरं. पण नवी खोली बांधणं वेगळं आणि खिडकी दोन फूट रुंद करणं वेगळं. त्या भीतीपोटी मी पायरीवर उभ्या राहणाऱ्या मुलांच्या डोक्यावर अडीच हजार पौंड ठेवायला निघालो होतो.

आरोग्याची बाजू

घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून चला. खिडकीच्या चौकटी तर त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. एप्रिल २०१० पासून अशा घरांत रंग उखडणारं काम करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला ईपीएचं प्रमाणपत्र लागतं, आणि काम सुरू होण्याआधी त्याने "रेनोव्हेट राइट" ही पुस्तिका तुमच्या हातात द्यायची असते. सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांना या धुळीपासून लांब ठेवा. कामाची जागा प्लॅस्टिकने बंद करून घ्या, कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. घरात लहान मूल असेल तर डॉक्टरांकडे रक्तातल्या शिशाच्या तपासणीचं विचारा. साधी रक्ततपासणी आहे.

वीट कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. कारागीर पाणी मारत किंवा व्हॅक्यूम लावलेल्या करवतीने कापतोय ना, हे बघा. तो त्याच्या छातीचा प्रश्न आहे, आणि खिडकी उघडी असेल तर तुमच्याही.

बाबांची गोष्ट

जुना अँगल निघाला त्या दिवशी बाबा लॉनवर खुर्ची टाकून बसले होते. अँगलवर पापुद्र्यांसारखे गंजाचे थर होते, हाताने सोलता येत होते. आणि उजव्या बाजूला, भेग होती तिथे, तो विटेवर जेमतेम दीड इंच टेकलेला निघाला. साठ वर्षं तो दीड इंचावर उभा होता. कारागिराने तो तुकडा बाबांच्या पायाशी आणून ठेवला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघांनीही एकाच वेळी मान हलवली.

रात्री बाबा बोलले. १९९३ साली ते बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होते, उमरग्याला. ३० सप्टेंबरची पहाट, गणपती विसर्जन होऊन काही तासच झालेले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं काही सेकंदांत झोपेत गेली. आठ हजारांच्या आसपास माणसं. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, पण मातीत रचलेल्या. आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेले, वर मातीचं जड छप्पर. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, असं सगळ्यांना वाटत होतं. नंतरच्या पुनर्वसनात बाबांनी गावोगाव एकच गोष्ट सांगितली: दारा-खिडक्यांच्या डोक्याच्या उंचीवर घराभोवती अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा घाला, लिंटेल बँड. करदोटा कमरेला फिरतो तसा तो चारी भिंतींभोवती फिरतो आणि त्यांना धरून ठेवतो.

"लोक म्हणायचे, साहेब, दिसत तर नाही, मग एवढा खर्च कशाला," बाबा म्हणाले. "मला तेव्हाही उत्तर देता यायचं नाही. जो पट्टा नीट घातला त्याचं काहीच होत नाही. काही न होणं कुणाला दाखवणार?"

आमच्या घराला भूकंपाचं फारसं भय नाही आणि आमचं लिंटेल म्हणजे काही तो पट्टा नव्हे. एक खिडकीवरचं वजन उचलतं, दुसरा चार भिंतींना बांधतो. पण बाबा कुठून बोलत होते ते मला त्या रात्री कळलं. पहिल्याच सकाळी, चहाचा कप हातात असताना, त्यांची नजर अझेलियावर न जाता खिडकीच्या डोक्यावर का गेली, तेही.

इन्स्पेक्टरने जूनच्या शेवटच्या आठवड्यात सही केली. खिडकी सात फुटांची झाली. आई म्हणाली तसा उजेड आला. बाबा ऑगस्टमध्ये परत गेले, पण जाण्याआधी नव्या अँगलच्या कडेवर त्यांनी पेन्सिलने बारीक अक्षरांत तारीख घातली. त्यावरून रंग मारू नकोस, असं मला बजावून गेले आहेत.

तेव्हा मंडळी, या शनिवारी चहाचा कप घेऊन घराभोवती एक फेरी मारा. प्रत्येक खिडकीच्या, गॅरेजच्या दाराच्या डोक्याकडे बघा. पायऱ्यांसारखी भेग, उचललेली वीट, गंजाचा तांबडा ओघळ दिसला तर खिशातली कॉकची ट्यूब खिशातच ठेवा आणि जाणकाराला फोन करा. आणि गावाकडून वडीलधारे आले असतील तर त्यांनाही बरोबर घ्या. आपल्याला दिसत नाही ते त्यांना दिसतं.